कमिशन, रिबेट की पाहुणचार? मोठ्या डावाचा खेळाडू आणि कॅसिनोचा होस्ट

मेलबर्न, सिडनी किंवा गोल्ड कोस्टला राहणारा, धंद्यात बरं कमावलेला माणूस एका शनिवार-रविवारात लाखभर डॉलर टेबलावर मांडू लागला की कॅसिनोकडून त्याला फोन येतो. फोन करणाऱ्याला होस्ट म्हणतात. तो अगत्यशील असतो, मुलांची नावं लक्षात ठेवतो आणि तीनपैकी एक गोष्ट देऊ करतो: उलाढालीवर कमिशन, तोट्यावर रिबेट (हरलेल्या रकमेचा काही भाग परत) किंवा खोली-जेवण-विमानप्रवास. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींतही असे फोन येणारे लोक आहेत, आणि यातलं काय घ्यावं असा प्रश्न त्यांना पडतो. माझं मत आधीच सांगतो. होस्टशी घासाघीस जरूर करा, पण त्याआधी किती खेळायचं आणि किती हरल्यावर उठायचं हे त्याला न विचारता ठरवा. त्याच्या देकारामुळे हा आकडा वाढत असेल, तर तो देकार कितीही मोठा असला तरी तोट्याचाच आहे.

खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे ऑस्ट्रेलियन डॉलर समजावेत.

एकाच खेळाचे तीन हिशेब

उदाहरण बॅकराट या पत्त्यांच्या खेळाचं घेऊ. त्यात बँकर जिंकेल, प्लेयर जिंकेल की बरोबरी (टाय) होईल यावर पैसे मांडायचे असतात. सरासरी डाव ५,००० डॉलर, दोन दिवसांत ८०० हात, म्हणजे ४० लाखांची उलाढाल. बँकरवर मांडलं तर कॅसिनोचा वाटा १.०६ टक्के, प्लेयरवर १.२४ टक्के. टायवर तो १४ टक्क्यांच्या वर जातो, तिथे मांडूच नये. ढोबळमानाने १.२ टक्के धरले तर या खेळाची गणिती किंमत, म्हणजे सरासरीने अपेक्षित तोटा, ४८,००० डॉलर होते. प्रत्यक्षात तुम्ही ८० हजार जिंकून उठाल किंवा पावणेदोन लाख हरून उठाल. दोन्ही अगदी नेहमीच्या टप्प्यातलं आहे. पण कॅसिनोच्या संगणकात तुमची किंमत ४८,००० अशीच नोंदवली जाते आणि होस्टचे हात त्याच आकड्याने बांधलेले असतात. बहुतेक ठिकाणी होस्टचं स्वतःचं कामसुद्धा त्याच आकड्यावर जोखलं जातं. म्हणून तुम्ही जिंकलात तरी तो हसतमुख असतो. तुम्ही लवकर उठलात की मात्र त्याचा चेहरा उतरतो.

आता देकार पाहू. उलाढालीवर ०.७ टक्के कमिशन मिळालं तर २८,००० डॉलर हातात येतात, हरलात तरी आणि जिंकलात तरी. तोट्यावर १० टक्के रिबेट ऐकायला भारी वाटतो, पण तो हरलात तरच मिळतो. वरच्या खेळात जिंकणं-हरणं दोन्हींचा सरासरी हिशेब केला तर त्याची किंमत साधारण ८,००० डॉलर निघते. तिसरा देकार पाहुणचाराचा. गणिती किंमतीच्या ३० टक्के परत मिळाले असं समजलं तर १४,४०० डॉलर होतात, तेही छापील दराच्या खोल्या आणि वाइनच्या रूपात. रिकामी राहिली असती ती खोली कॅसिनोला जवळपास फुकट पडते आणि तुमच्या खात्यात मात्र ती पूर्ण भावाने मांडली जाते. घरापासून वीस मिनिटांवर राहणाऱ्याला त्या खोलीचा उपयोग काय, हे त्याने स्वतःला विचारावं.

लांब खेळणाऱ्याला कमिशन सर्वांत चांगलं, यात मला शंका नाही. पण तेही कॅसिनोचा वाटा कमी करतं, पुसून टाकत नाही. २८,००० मिळाल्यावरही २०,००० तुमच्याच खिशातून जातात.

टक्केवारीची तुलना करताना एक फसगत हमखास होते. उलाढाल मोजायच्या पद्धती दोन आहेत. एका पद्धतीत टेबलावर मांडलेला प्रत्येक डाव मोजतात. दुसऱ्या, म्हणजे मकाऊकडच्या रोलिंग चिप्सच्या पद्धतीत, वटवता न येणाऱ्या चिप्स हरून संपल्या आणि नव्या घेतल्या की तेवढीच उलाढाल धरतात. त्यामुळे त्याच खेळाची उलाढाल तिथे निम्म्याच्या आसपास दिसते. ऑस्ट्रेलियातल्या क्राउन आणि स्टार या कंपन्या व्हीआयपी खेळाचा अपेक्षित वाटा उलाढालीच्या १.३५ टक्के धरत आल्या, तर मकाऊत तो २.८५ टक्क्यांच्या आसपास धरतात. खेळ तोच, फक्त मोजपट्टी वेगळी. म्हणून परदेशातला होस्ट १.२ टक्के म्हणाला आणि इथला ०.७ म्हणाला, तर इथलाच देकार किंचित सरस असू शकतो. ‘उलाढाल कशी मोजता?’ हा प्रश्न टक्केवारीच्या आधी विचारायचा.

रिबेट कोणाला परवडतो

रिबेटचा खरा फायदा थोड्या वेळात मोठे डाव खेळून उठणाऱ्याला होतो. टोकाचं उदाहरण घ्या. कोणी दोन लाख डॉलर एकाच हाताला बँकरवर मांडले आणि १० टक्के रिबेट बिनशर्त असला, तर गणिती तोटा सुमारे २,१०० आणि रिबेटची सरासरी किंमत ८,९०० डॉलर. म्हणजे पारडं खेळाडूकडे झुकतं. हे कॅसिनोला पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच अमुक इतकी उलाढाल किंवा इतके हात खेळल्याशिवाय रिबेट नाही, अशी अट येते. ती अट पुरी करता करता ८,९०० चा फायदा विरून जातो.

अमेरिकेत डॉन जॉन्सन नावाच्या खेळाडूने २०११ च्या आगेमागे अटलांटिक सिटीच्या तीन कॅसिनोंकडून काही महिन्यांत सुमारे दीड कोटी अमेरिकन डॉलर जिंकले. त्याने पाच लाखांवरच्या तोट्यावर २० टक्के सूट मागून घेतली, शिवाय ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचे नियमही एकेक करून आपल्या बाजूने वळवले. मंदीत ते कॅसिनो मोठ्या गिऱ्हाइकासाठी आसुसले होते, म्हणून हे जमलं. ही कथा सांगून अनेक जण ‘आपणही मागू’ म्हणतात. पण जॉन्सनचा पेशाच घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांचं गणित करण्याचा होता. ब्लॅकजॅकमध्ये नियमांनी कॅसिनोचा वाटा पाव टक्क्यापर्यंत खाली आणता येतो. बॅकराटमध्ये खेळाडूच्या हातात असं काहीच नसतं.

रिबेटच घ्यायचा असेल तर टक्केवारीपेक्षा हिशेबाची मुदत महत्त्वाची. प्रत्येक फेरीचा, म्हणजे कॅसिनोच्या एकेका भेटीचा, हिशेब वेगळा असेल तर हरलेल्या फेरीचा रिबेट मिळतो. सहा महिन्यांचा एकत्र असेल तर मधल्या जिंकलेल्या फेऱ्या तो खाऊन टाकतात. दर फेरीला मिळणारे ८ टक्के सहामाही १२ टक्क्यांपेक्षा सरस ठरू शकतात.

टेबलाचे नियमही मागता येतात आणि लोक ते विसरतात. ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांतच २१ झाले तर) ३:२ ऐवजी ६:५ ने पैसे मिळत असतील तर कॅसिनोचा वाटा साधारण १.४ टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याने कोणताही पाहुणचार धुऊन निघतो. एका शून्याचं रूले २.७ टक्के घेतं, दोन शून्यांचं ५.२६. मोठ्या डावाच्या दालनात नियम बाहेरपेक्षा चांगले आहेत का, हे जेवणाच्या कूपनाआधी पाहावं.

घरी की परदेशात

ऑस्ट्रेलियातल्या रहिवाशाला घरी घासाघीस करायला जागा कमी आहे, आणि त्याचं एक कारण करात आहे. व्हिक्टोरियात वर्षानुवर्षे सामान्य टेबलांच्या उत्पन्नावर २१.२५ टक्के कर राहिला, तर कमिशनवर खेळणाऱ्यांच्या, म्हणजे बहुतेक बाहेरून आलेल्यांच्या, उत्पन्नावर ९ टक्के. दोन्हींवर १ टक्का लेव्ही वेगळी. स्थानिक गिऱ्हाइकामागे कॅसिनोला कमी उरतं, म्हणून तो कमी देतो. दुसरं कारण गेल्या काही वर्षांतल्या चौकशा. क्राउनने नोव्हेंबर २०२० मध्ये जंकेट चालकांशी, म्हणजे परदेशातून मोठे खेळाडू आणणाऱ्या मध्यस्थांशी, व्यवहार थांबवला. न्यू साउथ वेल्समध्ये बर्गिन यांच्या चौकशीने २०२१ च्या फेब्रुवारीत, तर व्हिक्टोरियात फिंकेलस्टीन यांच्या आयोगाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये क्राउनला कॅसिनो चालवायला अपात्र ठरवलं. २०२२ मध्ये बेल यांच्या चौकशी अहवालानंतर सिडनीच्या स्टारचा परवाना निलंबित झाला, १० कोटींचा दंड बसला आणि त्याच वर्षी स्टारने रिबेटचे कार्यक्रमही थांबवले. मनी लाँडरिंगविरोधी कायदा मोडल्याबद्दल क्राउनला २०२३ मध्ये ४५ कोटी दंड झाला. यानंतर होस्टचा अधिकार बराच आकसला आहे. पैसा कुठून आला याचे कागद मागितले तर तो तुमचा अपमान समजू नका. १०,००० किंवा अधिक रोखीची नोंद सरकारकडे जातेच. सिडनीत २०२४ मध्ये कार्डाशिवाय खेळ बंद झाला आणि रोखीवर दिवसाला ५,००० ची मर्यादा आली.

उधारी हा तर प्रश्नच नाही: इथला कायदा कॅसिनोला स्थानिक रहिवाशाला उधारीवर खेळवू देत नाही. ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची तरतूद वाटते.

लास वेगासला चित्र उलटं आहे. तिथे तोट्यावरची सूट, विमानभाडं, डावाची कमाल मर्यादा, सगळं बोलण्यावर ठरतं, आणि मार्कर नावाची उधारी सहज मिळते. ब्लॅकजॅक, बॅकराट, क्रॅप्स आणि रूलेच्या जिंकण्यावर परदेशी खेळाडूचा ३० टक्के कर कापत नाहीत. मशीनच्या मोठ्या बक्षिसांवर कापतात. पण मार्कर नेवाडात चेकसारखा धरला जातो आणि न फेडल्यास फौजदारी प्रकरण होऊ शकतं. सिंगापूर मधलं आहे. तिथे एक लाख सिंगापूर डॉलर खात्यात ठेवले की प्रीमियम खेळाडू म्हणतात, अशा खेळावर कॅसिनोला कर कमी लागतो, म्हणून कमिशनलाही जागा असते, आणि परदेशी माणसाला उधारीही मिळू शकते. निव्वळ आकड्यांवर पाहिलं तर परदेश जिंकतो. तरी ज्याला एका रात्रीत मर्यादा ओलांडायची सवय आहे त्याने घरीच खेळावं, कारण परदेशात मिळणारा जादा टक्का उधारीच्या पहिल्या सहीत निघून जातो.

स्टारबद्दल आणखी एक सावधगिरी. कंपनी पैशाच्या अडचणीत आली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या बॅलीज आणि मॅथिसन कुटुंबाकडून ३० कोटींचा आधार घ्यावा लागला. अशा ठिकाणी मोठी ठेव किंवा खेळावर मिळणारे गुण (पॉइंट्स) साठवून ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. क्राउन सिडनीत ही चिंता कमी. शिवाय तिथे पोकी, म्हणजे जुगाराची स्लॉट मशीन, नाहीत.

घासाघीस जमते म्हणून सुरक्षित नाही

हॅरी काकावास यांचा खटला प्रत्येक मोठ्या खेळाडूला माहीत असावा. गोल्ड कोस्टच्या मालमत्ता व्यवहारातला हा माणूस. त्याने पूर्वी क्राउनमध्ये येण्यावर स्वतःच बंदी घालून घेतली होती. पुढे तो लास वेगासला मोठे डाव खेळतो असं कळल्यावर क्राउनने त्याला परत आणलं: खाजगी विमान, तोट्यावर रिबेट आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलेले हजारो डॉलर रोख, ज्याला ‘लकी मनी’ म्हणत. जून २००५ ते ऑगस्ट २००६ या काळात बॅकराटवर त्याची उलाढाल सुमारे १४८ कोटी झाली आणि दोन कोटी पाच लाख गेले. आपल्या व्यसनाचा कॅसिनोने गैरफायदा घेतला असा दावा घेऊन तो हायकोर्टापर्यंत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला. जून २०१३ मध्ये हा दावा एकमताने फेटाळला गेला. काकावास आपल्या अटी मांडू शकत होता, कॅसिनोशी सौदा करू शकत होता, हवं तेव्हा खेळणं नाकारू शकत होता, हेच त्याच्या विरोधात गेलं.

हे वाचून मला दर वेळी अस्वस्थ वाटतं. अटी पटवून घेता आल्या म्हणून खेळ आपल्या ताब्यात आहे असं वाटणं, हाच होस्टकडून मिळणारा सर्वांत महाग देकार आहे. ज्याने चांगला रिबेट मिळवला तोच ‘आता न खेळणं म्हणजे सोडून दिलेला पैसा’ म्हणत तिसरी रात्र टेबलावर काढतो.

त्याच खटल्यातली दुसरी बाब फारशी सांगितली जात नाही. काकावास यांच्यावर न्यू साउथ वेल्समध्येही बंदीचा आदेश होता आणि व्हिक्टोरियाच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाची जिंकलेली रक्कम सरकारजमा होते. दुसऱ्या राज्यातला जुना आदेश तुमच्यावर असेल तर होस्टशी बोलण्याआधी त्याचा निकाल लावा. बेटस्टॉप या २०२३ पासूनच्या राष्ट्रीय नोंदणीत नाव घातलं म्हणजे कॅसिनोही बंद झाले, असं समजू नका. ती नोंदणी ऑनलाइन आणि फोनवरच्या सट्ट्यापुरती आहे. कॅसिनोसाठी वेगळी बंदी मागावी लागते.

यातून निवड करायचीच तर माझा क्रम असा. महिन्याला एखादाच लांब बैठकीचा खेळ असेल आणि मिळत असेल तर कमिशन घ्या. स्थानिक म्हणून ते नाकारलं तर चांगल्या नियमांचं टेबल मागा आणि खोलीच्या बदली रोख किंवा चिप्स मिळतात का ते विचारा. ब्लॅकजॅकचं गणित येत असेल, डाव मोठे आणि बैठक छोटी असेल तरच फेरीगणिक रिबेट. नुसत्या पाहुणचारावर मोठा खेळ कधीच बांधू नका. जे ठरेल ते ईमेलवर मागवा: टक्केवारी, उलाढाल मोजायची रीत, किमान हात, हिशेबाची मुदत आणि पैसे किती दिवसांत मिळणार. होस्ट बदलतात आणि फोनवरचं बोलणं त्यांच्यासोबत निघून जातं. आणि ठरवलेल्या आकड्याला उठता येत नाही असं दोनदा झालं असेल, तर होस्टला फोन करू नका. १८०० ८५८ ८५८ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर बोला. तिथे मदत मोफत मिळते आणि फोन चोवीस तास उचलतात.