ईएसपीचा (इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस, म्हणजे कामापुरत्या इंग्रजीचा) कोर्स : छापील पुस्तक लावावं की धडे स्वतः बनवावेत?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीनं (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यानं) 'आमच्या सुपरवायझरांना जरा इंग्रजी शिकवा' म्हणून बोलावलं, की पहिला प्रश्न हाच. बाजारातलं टेक्निकल इंग्लिशचं पुस्तक लावायचं, की कंपनीच्याच कागदांवरून धडे तयार करायचे? मी दोन्ही करून पाहिलंय.

पुस्तकाची बाजू कमी लेखू नका. ऑडिओ तयार, उत्तरं मागं छापलेली, व्याकरण क्रमवार. आदल्या रात्री जागायला लागत नाही. शिवाय एचआरच्या टेबलावर रंगीत पुस्तकांचा गठ्ठा ठेवला की कोर्सला वजन येतं; झेरॉक्सच्या पानांना ते येत नाही. बॅच सरमिसळ असेल, म्हणजे अकाउंट्स, स्टोअर्स, मेंटेनन्स सगळे एकत्र, तर पुस्तकच सोयीचं. आणि परदेशी जाणाऱ्या नर्सना ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घ्यायची असेल तर वादच नाही. तिथं परीक्षेचा साचा ठरलेला असतो, घरगुती प्रयोग कशाला?

माझं मन पुस्तकावरून उडालं ते एकाच कटकटीमुळं. धडा असतो समुद्रातल्या तेलविहिरीवर. भाषा सोपीच, पण आधी ती तेलविहीर समजावून द्यावी लागते, आणि ती मलाही धड कळलेली नसते. मग फळ्यावर चित्र, मोबाइलवर व्हिडिओ, मराठीतून खुलासे. पॅसिव्ह व्हॉइसपर्यंत पोचेस्तोवर सेकंड शिफ्टवाले घड्याळाकडं बघायला लागतात. नुसत्या रंगावरून मेटल किती तापलंय हे सांगणारा माणूस त्या तासाला मुकाट वही उघडून बसतो. मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "सर, आमच्यात असलं काय नसतंय." त्याचं बरोबरच असतं. इंग्रजीच्या मास्तरानं इंजिनिअरिंग शिकवायचं आणि फाउंड्रीतल्या माणसानं ते ऐकून घ्यायचं, हा उलटा कारभार मला काही झेपला नाही.

कंपनीच्या कागदावर तास घेतला की हेच उलटं होतं. समजा, ग्राहकाची रिजेक्शनची, म्हणजे माल नाकारल्याची मेल घेतली. मी विचारतो, ब्लो होल आणि श्रिंकेज हे कास्टिंगमधले दोन दोष डोळ्यांनी कसे ओळखायचे? लगेच चारजण बोलायला लागतात. ब्लो होल गॅस अडकून होतं, त्याची पोकळी आतून गुळगुळीत असते. श्रिंकेज जाड सेक्शनमध्ये येतं आणि आतून खरखरीत असतं. आता हेच इंग्रजीत सांगा म्हटलं की तुलना, कारण, जागा दाखवणारे शब्द, सगळ्यांची गरज आपोआप पडते. मला विषय कळत नाही, हे तिथं माझ्या फायद्याचं ठरतं.

त्यापुढचा कागद एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीला डी-१ ते डी-८ अशा आठ टप्प्यांत दिलेलं उत्तर. फोर्ड कंपनीनं १९८७ साली ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात मांडली. योगायोग म्हणजे ईएसपीवाले ज्या हचिन्सन आणि वॉटर्स यांचा हवाला देतात, त्यांचं पुस्तकही त्याच वर्षीचं. शिकणाऱ्याला कामाला काय लागतं, त्याच्याकडं काय कमी आहे आणि त्याला स्वतःला काय हवंय, हे वेगवेगळं बघा, असं ते सांगतात. एट-डीचा फॉर्म समोर ठेवला की 'कामाला काय लागतं' याचं उत्तर निम्मंअधिक मिळून जातं. डी-२ मध्ये दोषाचं वर्णन. डी-३ मध्ये लगेच काय केलं, म्हणजे भूतकाळ : 'वुई सेग्रिगेटेड ऑल कास्टिंग्ज फ्रॉम धिस हीट' (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू). डी-४ मध्ये मूळ कारण, तिथं 'ड्यू टू' आणि 'रिझल्टेड इन' आलंच. डी-७ मध्ये पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. माझ्या मते फाउंड्रीच्या बॅचला एवढा अभ्यासक्रम बराच काळ पुरतो.

अर्थात यात त्रास आहेच. तयारीला वेळ फार जातो आणि त्याचे पैसे कुणी वेगळे देत नाही. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, किमती काळ्या कराव्या लागतात. ड्रॉइंग तर मागूच नये. कंपनीच्या मेलमधलं इंग्रजी पुष्कळदा स्वतःच लंगडं असतं, ते आधी दुरुस्त करून मगच वर्गात न्यावं लागतं. आणि एका फाउंड्रीसाठी केलेलं मशीन शॉपला जेमतेम चालतं, इचलकरंजीच्या लूमवाल्यांना तर अजिबात नाही. ऐकण्याच्या सरावाला मी अजूनही पुस्तकातलाच ऑडिओ लावतो. त्याला माझ्याकडं पर्याय नाही.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, पण कोर्सला हो म्हणण्याआधी एक करा. क्वालिटीच्या माणसाकडं ग्राहकाची अलीकडची एखादी तक्रार आणि तिला गेलेलं उत्तर मागा. टाळाटाळ झाली तर पुस्तक लावा, त्यात काही कमीपणा नाही. दोन्ही कागद हातात पडले तर मात्र पुस्तकांवर कंपनीचा खर्च करू नका.