खंडेरावांची नॅरोगेज संगणकावर: ओपनटीटीडी घ्यावा की सिमुट्रान्स?

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आजी ‘चांदोदची गाडी’ म्हणायची. नर्मदास्नानाला जायचं ते त्याच गाडीने. ती गाडी, तिच्यामागचा कापूस आणि त्या कापसावर वाढलेलं जुनं बडोदा वाहतुकीच्या खेळात उभं करायचं मनात असेल, तर पहिला प्रश्न खेळ कुठला घ्यायचा हाच. ओपनटीटीडी आणि सिमुट्रान्स या दोन्ही संगणकी खेळांत मी हा नकाशा केला आहे, म्हणून लिहितो.

आधी मूळ गोष्ट. १८६२ मध्ये बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या राज्यात डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी, म्हणजे नॅरोगेज, लाइन सुरू झाली. अंतर सुमारे ३२ किलोमीटर, आणि गाडी ओढायचे बैल. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्याकडचे भाव चढले. मियागामला बी.बी. अँड सी.आय.ची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) रुंद रुळांची ब्रॉडगेज होती, तिचा मुंबईपर्यंतचा मार्ग १८६४ मध्ये पुरा झाला. डभोईकडच्या गासड्या मियागामला उतरायच्या, मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबई बंदराकडे निघायच्या. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदलतं म्हणून माल हाताळावा लागतो. या सगळ्या व्यवहाराचा जीव त्या एका फलाटावर आहे. म्हणून खेळ पारखताना मी एकच बघतो: मियागाम नीट जमतं का?

ओपनटीटीडी फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतो, आणि नकाशा बनवायचं साधन इतकं सोपं आहे की एका संध्याकाळी डभोई, मियागाम, चांदोद आणि बडोदा जागेवर बसतात. पण सुरुवातीचं साल १८६२ टाकलंत की विकत घ्यायला एकही गाडी मिळत नाही. मूळ खेळातली वाहनं विसाव्या शतकातली आहेत. तेव्हा जोडसंच, म्हणजे मूळ खेळाला जोडायचे जादा वाहनांचे नि रुळांचे संच, उतरवून घ्यावे लागतात: घोडागाड्यांसाठी ईजीआरव्हीटीएस, नॅरोगेजसाठी वेगळ्या रुळांचा एखादा संच. हे खेळाच्या आतूनच मिळतात. कापूस मात्र मूळ खेळात नाही. मी उष्ण हवामान निवडून रबराच्या मळ्याला कपाशीचं शेत मानलं, कारण रबर कारखान्यात जातं आणि तिथून तयार माल गावात येतो. साखळी पटते, नाव पटत नाही.

मियागाम इथे ‘हस्तांतर’ या आज्ञेने जमतं. बैलगाडीला (खेळात घोडागाडीच) मियागामला ‘हस्तांतर करून रिकामी निघ’ असं सांगायचं. त्यातलं ‘रिकामी निघ’ विसरलात तर गाडी आत्ताच उतरवलेला माल परत उचलते आणि डभोईला घेऊन जाते. माझ्याकडे पहिल्या दिवशी अख्खा हंगाम असा येरझाऱ्या घालत होता. आज्ञा बरोबर दिली की चित्र फार सुंदर दिसतं. छोट्या गाडीच्या खात्यावर तिचा वाटा नुसता दाखवला जातो, खरे पैसे मुंबईच्या टोकाला माल पोचल्यावरच हाती येतात. भाडं अंतरावर मिळतं, म्हणून डभोई–मियागाम एवढाच तुकडा एकटा चालवून फारसं पदरात पडत नाही. ब्रॉडगेज जोडल्याशिवाय शाखेला अर्थ नाही, ही गोष्ट हा खेळ पक्की शिकवतो.

आणखी दोन गोष्टी ओपनटीटीडीच्या बाजूने सांगायलाच हव्यात. उष्ण हवामानात वाळवंटातल्या गावाला अन्न आणि पाणी पुरवल्याशिवाय ते वाढत नाही. बडोद्याभोवती मी मुद्दाम वाळवंटाच्या चौकटी रंगवल्या आणि पूर्वेला पाण्याचा स्रोत ठेवला. सयाजीरावांच्या काळात आजवा तलावाचं पाणी शहरात आलं, त्याचं महत्त्व तेव्हा हाताला लागतं. खेळात पाणी नळाने येत नाही, टाक्यांच्या गाडीने येतं, एवढं मान्य करायचं. दुसरी गोष्ट वेळेची. एक वर्ष साधारण साडेतेरा मिनिटांत सरतं. बैलांची १८६२ ते वाफेच्या इंजिनांची १८७३, ही अकरा वर्षं अडीच तासांत संपतात. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून दिनदर्शिका हळू करता येते, अगदी थांबवताही येते. हे जरूर करा, नाहीतर बैल डोळे भरून बघायच्या आत निघून जातात.

सिमुट्रान्सही फुकट आहे, पण त्याची घडणच निराळी. इथे प्रत्येक प्रवाशाला आणि प्रत्येक पोत्याला स्वतःचं ठिकाण असतं. शेत ठरावीक गिरणीशी जोडलेलं असतं आणि माल तिकडेच जातो. वाटेत गाडी बदलायची तर आज्ञा द्यावी लागत नाही, वेळापत्रकं जुळली की माल आपली वाट शोधतो. नॅरोगेज हा मार्गाचा स्वतंत्र प्रकार खेळात मुळातच आहे, त्यामुळे अडीच फुटी गाडी ब्रॉडगेजवर जाऊच शकत नाही. गिरणीचं कोठार भरलं की मागचं शेत थांबतं आणि मियागामला गासड्यांचा ढीग लागतो. १८६५ मध्ये युद्ध संपून भाव कोसळले, त्यानंतरचं मियागाम मी असंच दाखवलं. एक गिरणी बंद केली आणि ढीग वाढताना बघत बसलो. ओपनटीटीडीत मंदीची सोय आहे, पण ती खेळाच्या मर्जीने येते.

चांदोदला तर सिमुट्रान्सच न्याय देतो. तीर्थस्थानाची इमारत ठेवली की लोक त्या ठिकाणासाठीच निघतात आणि परततात. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला जाणारी आपली मराठी घरं पुढे याच वाटेने गेली असतील, असं मनात येऊन मी तिथे एक घाट वाढवला. ओपनटीटीडीत ठिकाणानुसार प्रवासी वाटायचा पर्याय सुरू केला नाही तर माणूस कुठेही उतरतो.

किंमत मोजावी लागते ती मेहनतीत. कापूस हवा तर तो तुम्हीच बनवायचा. एका साध्या मजकुराच्या फायलीत मालाचं नाव, वजन, मोल लिहायचं, दुसरीत शेत, तिसरीत गिरणी, आणि मग मेकऑब्ज नावाच्या साधनाने ते बांधून घ्यायचं. वाहनाच्या फायलीत इंजिनाचा प्रकार लिहिताना वाफ, डिझेल यांच्याबरोबर ‘बायो’ हाही पर्याय आहे. तो शब्द दिसला तेव्हा मला खंडेरावांचे बैलच दिसले. पण बैलांची जोडी आठ दिशांनी काढावी लागते. माझे दोन रविवार त्यात गेले, आणि ईशान्येकडे तोंड केलेल्या बैलाची शिंगं अजून मनासारखी नाहीत.

ट्रान्सपोर्ट फीव्हर २ बद्दलही विचारणा होते. तो विकतचा आहे, दणकट संगणक मागतो, १८५० पासून सुरू होतो आणि दिसायला तिघांत देखणा आहे. पण गावाची मागणी ठरलेल्या मोजक्या मालांची, आणि कापूस त्यांत नाही.

तेव्हा शनिवारी बसून रविवारी गाडी धावलेली बघायची असेल, किंवा घरातल्या मुलांना सोबत घ्यायचं असेल, तर ओपनटीटीडी घ्या. कापसाचा पैसा कुठून येतो, कुठे अडतो, हे बघायचं असेल तर सिमुट्रान्स, आणि त्यासाठी महिनाभर हाताशी ठेवा. माझा स्वतःचा कौल सिमुट्रान्सला आहे.

कुठलाही घेतलात तरी आधी बडोदा शहर बांधू नका. डभोई, मियागाम आणि मुंबईचं एक टोक एवढंच ठेवा, एक गाडी सोडा, आणि पहिली गासडी मियागामला उतरून मोठ्या गाडीत चढेपर्यंत दुसरा रूळ टाकू नका.