सांगलीतल्या दोन जपानी फुलदाण्या: ड्रॅगनची घ्या, क्रौंचांची राहू द्या

गणपती पेठेजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सध्या दोन जपानी फुलदाण्या मांडल्या आहेत. चिठ्ठी दोन्हींवर एकच: ‘ब्राँझ, मेइजी काळ’, म्हणजे १८६८ ते १९१२. माल मात्र एक नाही.

ड्रॅगनची ३१ सेंटिमीटर उंच, चांगली जड. पंजाला तीन नख्या, जपानी धाटणीच्या; चिनी ड्रॅगनला बहुधा चार किंवा पाच असतात. ओतकामानंतर खवले छिन्नीने एकेक उठवलेत, कडा बोटाला लागतात. १८७६ मध्ये जपानात तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारींचा साज घडवणारे कितीतरी कारागीर अशा शोभेच्या कामाकडे वळले. बूड वेगळं बसवून झाळलंय. तो दोष नव्हे, पण पाणी झिरपतं ते तिथूनच. पाणी भरून तासभर कागदावर ठेवायला सांगा. गळत नसली तरी ताजी फुलं आत काचेचा पेला ठेवूनच घाला.

क्रौंचांची उचलताच हलकी लागते. पंखांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत. बुडाशी खरचटलंय तिथे धातू राखाडी-पांढरा दिसतो, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर रंग चढवलाय. ब्राँझ असतं तर पिवळट-तांबूस दिसलं असतं. चुंबक लावून कळणार नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. चोचीवरचं ‘सोनं’ नखाने निघतं. जडावकाम असं निघत नाही. हिचे साडेनऊ हजार सांगणं म्हणजे कमालच.

दुकानदार वस्तू उलटी करून पाहू देतात, हे चांगलं. राग एकाच गोष्टीचा: ड्रॅगनची शेपटी पितळ उजळायच्या पावडरीने घासून चकचकीत केलीय. समईला तेच हवं असतं. इथे मात्र तो काळपट-तपकिरी थर कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो. घासला की गेला. चिंच, लिंबू, पावडर काहीच लावू नका. मऊ कोरडं फडकं, आणि वर्षातून एकदा रंगहीन मेणाचा पातळ हात, बस.

कोपऱ्यात फिकट हिरवी भुकटी धरलेली दिसली, तर ती क्लोराइडमुळे. वरवर पुसून भागत नाही, ओल मिळाली की पुन्हा उमटते आणि धातू खाते. कृष्णाकाठच्या घरात पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद कपाटात ठेवलेली बरी. या ड्रॅगनवर तशी भुकटी नाही.

त्याचे अठरा हजार सांगतात. घासलेल्या शेपटीचे दोन-तीन हजार तरी कमी करून मागा.