सांबाचं डोमेन शाळेच्या लॅबमध्ये : वापरून पाहिल्यावर

आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे. सातवीतल्या मुलीने कुठल्याही मशीनवर बसावं, स्वतःच्या नावाने लॉगिन करावं आणि तिचं काम तिला तिथेच मिळावं, एवढं मला हवं होतं. विंडोज सर्व्हर घ्यायचा तर सर्व्हरचं लायसन्स वेगळं, वापरणाऱ्यांचं वेगळं. अनुदानित शाळेला ते झेपत नाही. म्हणून एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून सांबाचं डोमेन उभं केलं, म्हणजे सगळ्या मशीनची खाती आणि लॉगिन एकाच सर्व्हरवरून चालवणारी व्यवस्था. सांबा मोफत आहे, आणि डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून तो अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, म्हणून चालतो. शाळांनी तो जरूर वापरावा.

मात्र वेळ राखून ठेवा, आणि तो इन्स्टॉलेशनसाठी नव्हे, पत्ते आणि नावं जुळवण्यासाठी.

सर्व्हरचा आयपी कायमचा हवा, राउटरने वाटलेला नको. डेबियन होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि पत्त्यांच्या यादीत) मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ हा मशीनचा स्वतःपुरता पत्ता लिहून ठेवतो. तिथे लॅनवरचा खरा पत्ता घाला. उबुंटूवर ५३ नंबरचं पोर्ट, म्हणजे डीएनएसचं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचं), सिस्टिमडी-रिझॉल्व्हड या सेवेने अडवलेलं असतं, ते आधी मोकळं करावं लागतं. डोमेनच्या नावाला शेवटी ‘डॉट लोकल’ लावू नका, ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय लॅनवर नावं शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखून ठेवलेलं आहे. शाळेची वेबसाइट असेल तर तिच्याच पत्त्याआधी ‘लॅब’ जोडा. सर्व्हरचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. हे सगळं आधी कागदावर ठरवा, कारण मागाहून नाव बदलणं फार जिकिरीचं आहे.

खरी परीक्षा मुलांच्या मशीनवर होते. ‘डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही’ असा संदेश आला की लोक सांबाला दोष देतात. विंडोज आधी डीएनएसला विचारतो, या डोमेनची एलडॅप सेवा (खात्यांची माहिती देणारी) कुठे आहे? ते फक्त आपल्या सर्व्हरला माहीत असतं. म्हणून डीएनएसच्या रकान्यात त्याचाच पत्ता हवा. कित्येक जण दुसऱ्या ओळीत ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) टाकतात, इंटरनेट बंद पडू नये म्हणून. तसं करू नका. विंडोज कधी त्या दुसऱ्याला विचारतो, तो ‘असं नाव नाही’ म्हणतो, आणि विंडोज ते उत्तर खरं धरून थांबतो. मग सकाळी लॉगिन होतं, दुपारी होत नाही. बाहेरच्या नावांसाठी सांबाच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डर (प्रश्न पुढे पाठवायचा पत्ता) आहे, ८.८.८.८ तिथे लिहा.

आमच्याकडे एवढं करूनही काही मशीन अडली. एनएसलुकअप (डीएनएसला प्रश्न विचारून बघायची कमांड) चालवलं तर उत्तर देणाऱ्याचा पत्ता एफई८० ने सुरू होत होता. म्हणजे आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वरून राउटर स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करत होता आणि विंडोज त्याचं आधी ऐकत होता. राउटरमधली ती जाहिरात बंद केली, डीएनएस कॅश रिकामी केली, एनएसलुकअपमध्ये एसआरव्ही नोंद (सेवा कुठे आहे ते सांगणारी) विचारली. सर्व्हरचं नाव आणि एलडॅपचं ३८९ पोर्ट दिसलं आणि मशीन लगेच डोमेनमध्ये आली. इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

एक मशीन मात्र तरीही नाही म्हणत होती. तिचा सीमॉस सेल (मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा) संपला होता, तारीख कितीतरी वर्षं मागे गेली होती. कर्बेरॉसला (डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या पद्धतीला) घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. सेल बदला, तारीख लावा.

विंडोज होम आवृत्ती डोमेनमध्ये येत नाही, प्रो लागते. सर्व्हरवर माउसने चालवायचा पडदा नाही. एका प्रो मशीनवर मायक्रोसॉफ्टची आरसॅट टूल्स (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हर सांभाळायची) टाकली की तिथून सगळं होतं. मुलांची पूर्ण नावं मी देवनागरीत भरली आहेत, ती नीट दिसतात. दोन कंट्रोलर ठेवायचे असतील तर सिसव्हॉल फोल्डर (डोमेनचे नियम आणि लॉगिन स्क्रिप्ट असलेला) आपणच जुळवत राहावा लागतो, सांबा ते करत नाही. एका लॅबच्या शाळेला एकच पुरे. सांबा-टूलमध्ये डोमेनच्या बॅकअपची सोय आहे, तो नेमाने घ्या आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवा.