१५०-६०० मिमी लेन्स: ग्रेट लेक्सच्या काठावर एक हंगाम वापरल्यानंतर

पक्ष्यांच्या फोटोंसाठी १५०-६०० मिमी मापाची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स कशी आहे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ती ग्रेट लेक्सवरची (अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पाच प्रचंड तळ्यांवरची) मालवाहू जहाजं, पूल आणि दीपगृहं यांच्यासाठी हवी होती, आणि त्याबद्दल कुणी बोलताना दिसलं नाही. म्हणून हा अनुभव. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा आहे, त्यामुळे त्याच लेन्समधून चौकटीत कमी मावतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन-तीन कंपन्या हे माप विकतात आणि त्यांच्यात फारसं डावं-उजवं नाही.

आधी थेट सांगतो: अख्खं जहाज फोटोत हवं असेल तर ही लेन्स जवळजवळ निरुपयोगी आहे. इथल्या सर्वांत मोठ्या बोटी हजार फुटी. (एवढ्या अजस्र जहाजाला इथे सगळे ‘बोट’च म्हणतात, मीही.) त्यांतली सर्वांत लांब ‘पॉल आर. ट्रेगर्था’, १०१३.५ फूट, म्हणजे ३०९ मीटर. १५० मिमीवर, क्रॉप सेन्सरवर, ती पूर्ण मावायला तुम्ही जवळपास दोन किलोमीटर लांब हवेत. सेंट क्लेअर नदीच्या काठावर ती तुमच्यापासून तीन-चारशे मीटरवरून जाते. पोर्ट ह्यूरॉनला ब्लू वॉटर पुलाखाली तर त्याहून जवळून. तिथे कॅमेऱ्यासोबत येणारी छोटी १८-५५ लेन्स काढायची, नाहीतर सरळ फोन.

मग ही दोन किलोची लेन्स का ठेवली? कारण जहाज समोरून येताना तिच्यासारखं काही नाही. हजार फुटी बोटीची रुंदी १०५ फूट, म्हणजे ३२ मीटर. ६०० मिमीवर बोट एक किलोमीटरवर असतानाच तिचं नाक चौकट भरून टाकतं. मिनेसोटातल्या डुलूथला हे सर्वांत छान जमतं. तिथला कालवा ३०० फूट रुंद, त्यावर वर उचलला जाणारा पूल. तो १९०५ साली बांधला तेव्हा खाली लोंबकळणाऱ्या पाळण्यातून माणसं आणि गाड्या पलीकडे जायच्या. आत्ताचं उचलणारं रूप १९३० च्या सुमाराचं. शहराच्या बाजूने पुलाच्या चौकटीतून तळ्याकडे लेन्स रोखली की लांबची बोट आणि जवळचा पूल एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. बोट तीन लांब आणि दोन आखूड भोंगे देते, पूल तसंच उत्तर देतो. तेवढ्या वेळात फोटो काढायचं भान ठेवावं लागतं.

सू लॉक्सला उलटा प्रकार. (लॉक म्हणजे दारं बंद करून पाण्याची पातळी वर-खाली करणारा, जहाज चढवणारा-उतरवणारा हौद.) पो लॉक ११० फूट रुंद, बोट १०५. दोन्ही बाजूंना मिळून पाच फूट. प्रेक्षकांच्या गच्चीवरून बोट इतकी जवळ असते की अख्खी मावण्याचा प्रश्नच नाही, पण ३०० मिमीच्या आसपास दोर सांभाळणारे खलाशी, गंजाचे ओघळ, नाकावरचे पाण्याच्या खोलीचे आकडे असे तपशील मिळतात. माझ्या संग्रहातले आवडते फोटो हेच आहेत.

बाबा भारतातून आले होते तेव्हा त्यांनी विचारलं, “अरे, समुद्र नाही म्हणतोस, मग एवढी जहाजं आली कुठून?” मी सांगितलं: हजार फुटी बोटी तळ्यांच्याच काठी बांधलेल्या आणि तळ्यांतच राहणाऱ्या, कारण समुद्राकडे जायच्या वाटेवरच्या वेलंड कालव्याच्या लॉक्समधून ७४० फुटांपर्यंतच जहाज जातं. समुद्रावरची परदेशी जहाजं सेंट लॉरेन्स सीवे या जलमार्गातून येतात, १९५९ पासून. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे डेकवरच्या क्रेन.

पुलांमध्ये मिशिगनमधला मॅकिनॉ पूल या लेन्सचा खरा ग्राहक. १९५७ साली सुरू झालेला, एकूण लांबी आठ किलोमीटर, मधला गाळा ३८०० फूट. मनोरे पाण्यावर ५५२ फूट. पाच किलोमीटरवरून ६०० मिमीला, कॅमेरा उभा धरून, एक मनोरा चौकटीत नीट बसतो. पण अडचण येते हवेची. दुपारी पाण्यावरची हवा थरथरते आणि तारा वाकड्या येतात. यात लेन्सचा दोष नाही, महागडी घेतली तरी तेच होईल. उजाडल्यावर पहिल्या तासाभरात जा. एप्रिल-मेमध्ये पाणी बर्फाच्या जवळपास आणि वरची हवा ऊबदार असली तर मृगजळ दिसतं: क्षितिजावरची बोट ताणली जाते, तिच्यावर उलटी बोट दिसते. तेव्हा मात्र थरथर कितीही असो, फोटो काढाच.

दीपगृहांबद्दल थोडक्यात. काठावरची, उदाहरणार्थ १८२९ चं फोर्ट ग्रॅशिऑट, यांना लहान लेन्स पुरते. पाण्यातली, म्हणजे स्पेक्टॅकल रीफ किंवा तांबड्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचं व्हाइट शोल, यांच्यासाठी बोटीची सहल घ्यावी लागते आणि हलत्या डेकवर ४०० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. शटर १/१००० च्या खाली आणू नका, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी लेन्सची सोय) कितीही चांगलं असलं तरी.

हार्डवेअरच्या तक्रारी. लेन्सची मान खाली केली की झूम आपोआप घसरत बाहेर येतो, कुलूप लावायची सवय करा. ट्रायपॉडच्या पायाचा स्क्रू माझ्या लेन्समध्ये दोनदा ढिला झाला. आता खिशात छोटी किल्ली असते. धुक्यात ऑटोफोकस इकडेतिकडे भटकतो, अशा वेळी केबिनच्या काळ्या खिडक्यांवर रोखायचा. फिल्टर ९५ मिमीचा, त्याची किंमत विचारून घरी परत यावं असा. वाऱ्यात हूड (लेन्सच्या तोंडावरची आडोशाची नळी) शिडासारखा काम करतो, म्हणून मी तो बहुतेक वेळा काढून ठेवतो.

थंडीत, ग्रँड हेवनच्या लाल दीपगृहावर बर्फाचे थर चढतात तेव्हा, लाटांचे तुषार काचेवर पडून गोठतात. पुसायला जाऊ नका, ओरखडे येतील. घरी आणताना बाहेरच पिशवीत बंद करून आणा आणि तासाभराने उघडा, नाहीतर आत बाष्प धरतं. बॅटऱ्या आतल्या खिशात.

घ्यायचीच असेल तर वापरलेली घ्या, आणि मार्चमध्ये घ्या. सू लॉक्स १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, त्यामुळे तेव्हा बोटी फारशा फिरत नाहीत. त्याआधी घेऊन ठेवली तर ती कपाटातच पडून राहील.