केंद्रातून की थेट?

विमान कंपनीपुढे मार्गांचे जाळे विणण्याचे दोन पर्याय असतात. दहा शहरे एका केंद्रीय विमानतळाला जोडली, की केवळ १० मार्गांत त्या शहरांच्या आपसांतील ४५ जोड्यांचा प्रवास साधतो. मात्र एक विमान उशिरा उतरले, की पुढचे थांबवायचे की प्रवासी मागे ठेवायचे, असा पेच पडतो, आणि घाईत विमान बदलणाऱ्याची बॅग मागे राहते ती वेगळीच. थेट सेवेत ही धावपळ नाही, पण प्रत्येक मार्गाला स्वतःच्या बळावर आसने भरावी लागतात. २००७ मध्ये सेवेत आलेले चार इंजिनांचे अवाढव्य एअरबस ए३८० पहिल्या पद्धतीवर बेतलेले होते. त्याचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. दोन इंजिनांच्या बोइंग ७८७ ने मात्र कमी गर्दीचे लांबचे मार्गही थेट परवडण्याजोगे केले.