व्हॉट्सॲप बिझनेस: उत्तरं द्यायला उत्तम, जाहिरातीला कच्चं

हे ॲप फुकट आहे, २०१८ पासून आहे, तरी बरेच व्यावसायिक ते साध्या व्हॉट्सॲपसारखंच वापरतात आणि मग विचारतात, यात वेगळं काय? वेगळं आहे ते सगळं ॲपमधल्या 'बिझनेस टूल्स' या मेनूमध्ये.

आधी नंबर. धंद्यासाठी स्वतंत्रच घ्या, कारण एका नंबरवर साधं आणि बिझनेस दोन्ही चालत नाही. लँडलाइनही चालतो, फक्त पडताळणीला एसएमएसऐवजी कॉल निवडायचा.

पैकीच्या पैकी गुण क्विक रिप्लायला, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांना. ५० उत्तरं साठवता येतात. चॅटमध्ये '/' दाबलं की यादी समोर. पण 'हो, उपलब्ध आहे' एवढंच साठवलंत तर गिऱ्हाईक पुढचे चार प्रश्न विचारणारच. किंमत, साइज, माल पोहोचायला लागणारे दिवस, पैसे कसे द्यायचे हे एकाच उत्तरात घाला आणि शेवटी विचारा, 'कोणत्या पत्त्यावर पाठवू?' निम्मी ये-जा तिथेच संपते.

ग्रीटिंग मेसेज, म्हणजे आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज, जपून लिहा. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, तसाच १४ दिवस गप्प असलेल्या जुन्या गिऱ्हाइकालाही. 'आमच्याशी प्रथमच जोडले जात आहात' असं त्याने वाचलं तर शोभत नाही. अवे मेसेजची, म्हणजे तुम्ही हजर नसताना आपोआप जाणाऱ्या उत्तराची, गोम निराळी: फोनचं इंटरनेट चालू असेल तरच तो जातो. रात्री डेटा बंद करून झोपलात की समोरच्याला काहीच मिळत नाही, आणि नेमका त्याच वेळेसाठी तो लावलेला असतो!

ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्यावर, मात्र भिस्त ठेवू नका. एका यादीत २५६ जण बसतात खरे, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज पोहोचतच नाही. एरर येत नाही, नुसती एक टिक दिसत राहते. म्हणून ऑर्डर पक्की करतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. न विचारता ऑफर्सचा मारा केलात तर लोक रिपोर्ट करतात, नंबर बंद होऊ शकतो आणि सगळा संपर्क एका फटक्यात जातो.

मुख्य फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर ती आपोआप लॉग आउट होतात. दोघे-तिघे उत्तरं देणार असतील तर 'पैसे बाकी', 'माल पाठवला' अशी लेबलं लावाच, नाहीतर एकाच माणसाला दोन वेगळे भाव सांगितले जातात. एवढ्यावर भागत नसेल तर पैसे मोजून एपीआय, म्हणजे व्हॉट्सॲप आपल्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय, घ्यावा लागतो. तिथे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले की फक्त आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच पाठवता येतो.